पंचावन्नची रेघ

"बबन, भितीला घाम फुटलाय बघ," आई म्हणाली.

अंथरुणावर बसल्या बसल्या तिनं तळहात भिंतीला टेकवला, ओला झालेला हात लुगड्याला पुसला आणि पुन्हा टेकवला. सकाळपासून तिचा हाच उद्योग चालला होता. मी चुलीवर धरून माझा सदरा वाळवत होतो. असा सदरा कधी वाळत नाही. तो नुसता गरम होतो, ओला तो ओलाच राहतो आणि वर धुराचा वास लागतो. पण जुलै महिन्यात महाबळेश्वरात आमच्यासारख्यांच्या हातात तेवढंच असतं.

"तुला घाम आला तर म्या समजीन," मी म्हणालो. "भितीनं काय काम केलंय?"

आई हसली आणि हसण्याचा खोकला झाला. तो एकदा सुरू झाला की थांबेपर्यंत घरातलं सगळं थांबायचं. माझी बायको सगुणा परातीत पीठ मळत होती, तिचे हात पिठातच राहिले. आईच्या गळ्याखालची खाच प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मी श्वास मोजत होतो. का मोजत होतो कोण जाणे, मोजून काही कमी होणार नव्हतं.

आदल्या दिवशी बाजारातले डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी आधी भिंती पाहिल्या, मग वरचा पत्रा पाहिला आणि मग आईची छाती तपासली.

"औषध देतो," ते म्हणाले, "पण खरं सांगू का, या ओलीत ही छाती सुटायची नाही. खाली वाईला वगैरे कुणी आहे का तुमचं?"

वाईला माझी बहीण होती. पण घाटात दरड कोसळली होती, गाड्या बंद होत्या आणि आईला चालवत नेणं म्हणजे वाटेतच घालवणं होतं.

"मग इथंच कुठंतरी कोरड्या जागी ठेवा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. जुलैत, महाबळेश्वरात, कोरडी जागा!

कोरडी जागा होती. आमच्या दारापासून तीस पावलांवर होती आणि तिच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या.

गावात त्याला पानांचा बंगला म्हणायचे. मालक पुण्याचे गोवंडे सर. त्यांनी उभा जन्म सह्याद्रीतली झाडं गोळा करण्यात घालवला होता. एकेक डहाळी दाबून, वाळवून, जाड कागदावर शिवून ठेवायची, खाली नाव, गाव, तारीख लिहायची. असे चार हजार कागद त्या बंगल्याच्या सात खोल्यांत कपाटांमध्ये होते. सर उन्हाळ्यात दोन महिने येऊन राहायचे. पावसाळा त्यांच्या गुडघ्यांना सोसत नसे, म्हणून पावसाळ्यात बंगला माझ्या ताब्यात. माझं काम एकच, घर कोरडं ठेवायचं. बाहेर दोनशे इंच पाऊस पडत असताना एक अख्खं घर आतून कोरडं ठेवायचं, हे काम मला आजही देवाची थट्टा केल्यासारखं वाटतं. पण मी ते सहा वर्षं केलं होतं आणि नीट केलं होतं. त्याचा मला गर्व होता, तोही सांगून टाकतो.

मे महिन्याच्या अखेरीस मी बंगल्याला चारी बाजूंनी कुळमाच्या गवताच्या झड्या, म्हणजे तट्टे, बांधायचो, पार जमिनीपासून वळचणीपर्यंत. घर लग्नातल्या नवरीसारखं झाकून जायचं. मग आतून दारं-खिडक्यांच्या फटी जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्यांनी आणि मेणकागदानं बुजवायच्या. प्रत्येक कपाटात खाली एक बल्ब, तो दिवस-रात्र चालू. कोपऱ्याकोपऱ्यात मातीच्या परळात कळीचा चुना. तो ओल पिऊन फुगला की बदलायचा. वीज गेली तर कोळशाच्या शेगड्या.

आणि मधल्या हॉलमध्ये ते यंत्र. काचेच्या पेटीत चावी दिलेला एक पितळी डबा सावकाश फिरायचा, आठवड्यात एक फेरा. त्याला कागद गुंडाळलेला असायचा आणि एक बारीक लेखणी त्यावर जांभळी रेघ ओढायची. हवेत ओल वाढली की रेघ वर, कमी झाली की खाली. सरांनी पंचावन्नच्या आकड्यावर लाल पेन्सिलनं खूण केली होती. "बबन, रेघ इथं राहिली पाहिजे. सत्तरच्या वर गेली की बुरशी धरते आणि माझी चाळीस वर्षं गेली." दर सोमवारी कागद बदलायचा आणि जुना पुण्याला पोस्टानं पाठवायचा. आठ-दहा दिवसांनी तो सरांचे लाल शाईतले शेरे घेऊन परत यायचा. मी ते सगळे जपून ठेवायचो, शाळेत असताना कधी एवढे शेरे मिळाले नव्हते.

लेखणी हलवायला आत माणसाच्या केसांची बट ताणून बसवलेली होती. केस ओल लागली की लांबतो, म्हणून. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं होतं, "कुण्या बाईचं हायेत? तिला इचारलं हुतं का?"

सरांचे नियम स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेले होते. आत चूल पेटवू नये. आत पाणी तापवू नये. ओले कपडे नेऊ नयेत. शेगडी लावलेल्या खोलीत माणूस थांबू नये. आत कुणी झोपू नये. "एक माणूस," सर म्हणायचे, "एका रात्रीत तांब्याभर पाणी श्वासातून बाहेर टाकतो. माणूस म्हणजे चालतंबोलतं पाण्याचं मडकं." माझ्या आधीच्या गड्यानं पावसात बंगल्याच्या मागच्या खोलीत दोरी बांधून धोतरं वाळवली होती. कुणी पाहिलं नाही, पण रेघेनं ते पुण्याला जाऊन सांगितलं. त्याला आठ दिवसांत आवारातली गड्याची खोली खाली करावी लागली. आता त्याच खोलीत आम्ही राहत होतो.

आईचा खोकला थांबल्यावर सगुणा पिठाचे हात घेऊनच माझ्यासमोर आली.

"किल्ल्या तुमच्या कमरंला आन् आत्याबाई हितं भिजत्यात," ती म्हणाली.

"सर न्हाई म्हणतील."

"इचारलंय का?"

"न्हाई."

"मग इचारा की."

मी घोंगडी डोक्यावर घेऊन पोस्टात गेलो. पोस्टमास्तरांनी मला आत येऊ दिलं नाही. मी दारातच एवढा निथळत होतो.

"पुण्याच्या फोनची लाईन शनिवारपासून मेलीय," ते म्हणाले. "तार पाठवशील तर तीपण त्याच तारेवरून जाते. काय निरोप आहे? घाट सुटला की टपाल जाईल."

मला काय निरोप द्यावा ते सुचेना. 'आईला तुमच्या बंगल्यात ठेवू का?' एवढंच तर होतं. ते पत्र पोचून उत्तर येईपर्यंत श्रावण लागला असता. मी "काही नाही" म्हणालो आणि परत फिरलो. वाटेत तळ्याजवळ विजेचा खांब आडवा पडलेला दिसला. म्हणजे बंगल्यातले बल्बही गेले.

त्या बुधवारी दुपारी मी आईला पाठीवर घेतलं, वरून घोंगडी टाकली आणि तीस पावलं चाललो. ती इतकी हलकी झाली होती की मला भीती वाटली.

पूर्वेकडच्या छोट्या खोलीत कपाटं नव्हती, एक पलंग होता आणि मोरीतून बाहेर जायचं एक दार होतं. तिथं तिला ठेवलं. तिनं पहिली गोष्ट कोणती केली असेल तर तळहात भिंतीला टेकवला. मग उचलून पाहिला. पुन्हा टेकवला.

"कोरडी हाय रं!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साठ पावसाळे तिनं त्या डोंगरावर काढले होते आणि जुलैमध्ये कोरडी भिंत तिनं पहिल्यांदा पाहिली.

"एवढी बडदास्त! आन् ती बी पानांची," थोड्या वेळानं ती म्हणाली. "आरं, माजं नाव तरी पान ठिवायचं हुतं."

त्या संध्याकाळी ती चार तास सलग झोपली. गुरुवारी सकाळी उशीला टेकून बसली आणि तिनं चहा मागितला. गळ्याखालची खाच अजून ओढत होती, पण आधीसारखी नाही. सगुणा बशीतून चहा पाजताना माझ्याकडे बघून हसली. मी इतका खूश झालो की दोनदा उगाचच बाहेर जाऊन झड्यांच्या दोऱ्या ओढून पाहून आलो.

मग हॉलमध्ये गेलो आणि यंत्र पाहिलं.

रेघ त्रेसष्टवर होती.

खोलीचं दार मी घट्ट लावून घेत होतो, पण सगुणा आत-बाहेर करणार, तिच्या पदराचं पाणी गळणार, गरम पाण्याची पिशवी जाणार, चहा जाणार. बल्ब बंद. बाहेर ढग थेट अंगणात उतरलेले. आईच्या छातीला धूर नको म्हणून शेगड्या पेटवल्या नव्हत्या, मी नुसते सगळे परळ बदलले, नवा चुना घातला. संध्याकाळी रेघ सदुसष्टवर गेली. जांभळा चढ कागदावर असा स्वच्छ दिसत होता, की पुण्यात बसलेला माणूस बोट ठेवून सांगेल, बुधवारी दुपारी घरात कोणीतरी आलं.

"काय झालं?" आईनं विचारलं. मी परत परत हॉलमध्ये जातोय हे तिनं पाहिलं होतं.

मी तिला सांगायला नको होतं, पण सांगितलं. श्वासातून पाणी जातं, त्यानं रेघ चढते, सरांना ती दिसते. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी मला लपीवलंय तू."

"लपीवलं न्हाई आये. सांगायला वाट न्हाई."

"आन् त्यांनी काडलं तर जाशील कुठं, बायकूला घिऊन?"

मी कोपऱ्यातल्या परळाकडे वळलो. तेव्हा तिनं लुगड्याचा पदर घेतला, त्याची घडी केली आणि तोंडावर धरली.

"ह्यात श्वास टाकते," पदराआडून ती म्हणाली. "म्हंजी वल ह्यातच ऱ्हाईल."

"आये, काय तरीच काय! काड ते."

तिनं काढला. पण मी दाराबाहेर गेलो की ती पुन्हा घेत असणार. मला ते ठाऊक होतं आणि मी त्याचं काही केलं नाही.

शुक्रवारी सकाळी रेघ एकाहत्तरवर होती. मी पहिलं कपाट उघडलं आणि वरचाच कागद काढला. कुठल्याशा रानवेलीची डहाळी होती, आंबोलीची, एकोणीसशे छप्पन्न सालची. पानांच्या शिरांवर पांढरी लव आली होती. मी ती रुमालानं टिपली. दुसरा कागद काढला, त्यावरही होती. ती पानं माझी नव्हती, पण सहा वर्षं मी त्यांना तान्ह्या पोरासारखं जपलं होतं, आणि सरांनी मला, सातवी पास माणसाला, विश्वासानं त्यांच्याजवळ ठेवलं होतं. आईला परत आमच्या खोलीत न्यावं असं त्या क्षणी माझ्या मनात आलं. आलं ते आलं. पण तिथं आता पत्र्यातून धार लागली होती, चुलीपुढचीच काय ती जागा कोरडी होती.

मग मला एक युक्ती सुचली. मला ती फार चांगली वाटली.

मी दोन शेगड्या पेटवल्या. मागच्या पडवीत कोळसे फुलवले, धूर पूर्ण जाऊ दिला, नुसता लालबुंद निखारा राहिला तेव्हा आत आणल्या. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे आमच्याकडचं लहान पोरही सांगेल. आमच्या घरांत चार महिने चूल विझत नाही आणि सगळे तिच्या भोवती झोपतात. कधी कुणाला काही झालेलं मी पाहिलं नव्हतं. आमच्या घरांच्या भिंतींना हजार भोकं असतात, हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. एक शेगडी हॉलमध्ये ठेवली. दुसरी आईच्या खोलीत, कारण ओल तिथून येत होती. ओल जिथं तयार होते तिथंच मारली, की ती हॉलपर्यंत पोचणारच नाही.

शेगडीच्या खोलीत माणूस थांबू नये, हा नियम मला तोंडपाठ होता. पण सरांचे सगळे नियम पानांसाठी होते. माणूस थांबला की त्याच्या श्वासानं शेगडीचं काम वाया जातं, म्हणून तो नियम, असं मी सहा वर्षं धरून चाललो होतो. आई तर तिथं होतीच. तिच्यासाठीच तर शेगडी.

"बरं वाटलं रं," आई म्हणाली. तिनं दोन्ही हात निखाऱ्याकडे धरले. "हाडांत ऊब गेली."

सगुणा डॉक्टरांकडून औषधाची दुसरी बाटली आणायला बाजारात गेली. मी खोलीच्या दाराखाली फडकं कोंबलं, खिडकीच्या एका पट्टीला भेग गेली होती तिथं मेणकागद लावला. अर्ध्या-पाऊण तासानं आत डोकावलो.

"डोस्कं धरलंय," आई म्हणाली. "जरा ती भाईर ठिवतोस का?"

मी हॉलमध्ये जाऊन रेघ पाहिली. चौसष्ट. उतरत होती.

"थोडा दम काड आये," मी म्हणालो. "रेघ उतराय लागलीय. आता पंचावन्नला आली की काडतो."

"बरं," ती म्हणाली.

तेवढ्यात पश्चिमेकडून धाडकन आवाज आला. वाऱ्यानं झडी उपटली होती. गवताचा तो अख्खा तट्टा अर्धा खाली लोंबत होता आणि पाऊस थेट भिंतीवर बसत होता. असाच संध्याकाळपर्यंत बसला असता तर भिंत प्यायला लागली असती आणि मग कुठल्याही शेगडीनं काही झालं नसतं. मी शिडी लावली. एकट्यानं बांधायचं, वर वारा, काथ्याच्या दोरीला ओलीनं गाठ बसेना. दोनदा सुटली. दीड तास लागला असेल. त्या दीड तासात मी आईचा विचार केला का? केला, पण असा केला, की ती आत उबेत आहे, हे एक बरं झालं.

मी आत आलो, पाय पुसले, आणि आधी रेघ बघितली. मी आधी रेघ बघितली. हे कधी कुणाला सांगितलेलं नाही.

ती पंचावन्नवर होती. बरोबर लाल खुणेवर, आडवी, सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी.

"आये, आली बघ पंचावन्नला!" मी दार उघडता उघडता म्हणालो.

ती उशीवर मान टाकून होती. पदराची घडी तोंडावर होती, हात पदरावर. गालांवर लाली होती. किती महिन्यांत तिचा चेहरा असा दिसला नव्हता. मला वाटलं, हिला झोप लागली, हिला उतार पडला. मी हलक्या पायांनी शेगडीजवळ गेलो आणि वाकलो तर माझंच डोकं गरगरलं. मी पलंगाचा कठडा धरला. मग तिचा हात धरला.

शेगडी उचलून मी मोरीच्या दारानं बाहेर टाकली. पावसात ती फसकन विझली. खिडकीच्या पट्ट्या ओरबाडून काढल्या, खिडकी उघडली, पाऊस आत आला, आईच्या अंगावर आला. मी तिला हलवत होतो, हाका मारत होतो. आणि एवढं सगळं करताना माझ्या डाव्या हातानं हॉलकडचं दार ओढून घट्ट लावून घेतलं होतं. कधी लावलं ते मला आठवतही नाही. सवयीचा हात.

सगुणा औषधाची बाटली पदरात धरून मोरीच्या दाराशी आली. तिनं विझलेली शेगडी पाहिली. मग उघडी खिडकी, खाली पडलेले मेणकागदाचे तुकडे, दाराखालचं फडकं. मग आत्याबाई.

"खिडक्या लावल्या हुत्या?" तिनं विचारलं.

मी आईचे तळहात चोळत राहिलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिनं बाटली खाली ठेवली, आईच्या तोंडावरचा पदर काढला आणि खांद्यावर नीट केला.

लोकांना कळायच्या आधी आम्ही दोघांनी तिला घोंगडीत गुंडाळून आमच्या खोलीत आणलं. ही कल्पना माझी. सगुणानं पाय धरले. गळक्या पत्र्याखाली, चुलीपुढं तिला निजवलं, आणि मग मी बाहेर जाऊन पहिली हाक मारली. डॉक्टर आले. "छाती थकली होती," ते म्हणाले, "आणि या असल्या जागेत..." त्यांनी भिंतींकडे पाहून हात हलवला. शेजारपाजारचे म्हणाले, सुटली बिचारी. सरणाला कोरडं लाकूड गावात कुणाकडे नव्हतं. माझ्याकडे होतं, बंगल्याच्या पडवीत रचलेलं.

सोमवारी मी यंत्राचा कागद बदलला. तशाही अवस्थेत बदलला. जुना कागद टेबलावर पसरला. बुधवार दुपारपासून एक टेकाड चढत गेलं होतं, शुक्रवारी सकाळी त्याचा माथा, आणि मग उतार, आणि मग ती आडवी सरळ रेघ. मी सोबत पत्र लिहिलं. 'सर, सा. न. वि. वि. वीज नसल्याने व पूर्वेकडील खिडकी नजरचुकीने उघडी राहिल्याने बुधवार ते शुक्रवार ओल वाढली. शुक्रवारी शेगड्या लावून खाली आणली. दोन कागदांवर लव आली होती ती टिपली. शुक्रवारी माझी आई दम्याने वारली. कळावे.'

घाट सुटायला आणखी आठ दिवस लागले. उत्तर तेराव्यानंतर आलं.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांचं पत्र दोन पानी होतं. 'प्रिय बबन, आई गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. उन्हाळ्यात त्यांनी मला तांदळाची भाकरी आणि पिठलं खाऊ घातलं होतं, ती चव अजून आठवते. त्यांना दम्याचा त्रास होता हे तू कधी बोलला नाहीस. आधी कळवलं असतंस तर बंगल्याची एक खोली उघडून दे म्हणालो असतो. पानं काय, पुन्हा गोळा करता येतात.'

मी तिथं थांबलो. सगुणा समोर तांदूळ निवडत होती. मी पुढचं वाचलं.

'शेगड्या लावल्यास ते योग्यच केलंस. पण एक गोष्ट मी तुला कधी नीट समजावून सांगितली नाही, ती लिहितो. शेगडीच्या खोलीत माणूस थांबू नये हा नियम पानांसाठी नाही, तुझ्यासाठी आहे. बंद खोलीत निखारा हवेचं विष करतो. धूर नसतो, वास नसतो. आधी डोकं दुखतं, मग माणूस झोपेत जातो आणि चेहरा गुलाबी राहतो. तेव्हा स्वतःला जप.'

पत्राबरोबर यंत्राचा कागद परत आला होता. टेकाडापाशी लाल शाईत लिहिलं होतं, 'खिडकीकडे लक्ष ठेव.' आणि शुक्रवारी दुपारी, जिथं रेघ सरळ झाली होती, तिच्या खाली सरांनी दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं, 'शाबास!'

सहा वर्षांत त्यांनी हा शब्द कधी लिहिला नव्हता.

मी आणखी नऊ पावसाळे ते घर कोरडं ठेवलं. दुसरीकडे जायला जागा नव्हती, हे एक. सरांना सांगायचं दर उन्हाळ्यात ठरवायचो, ते गाडीतून उतरून "काय बबन" म्हणाले की तोंडातून शब्द फुटायचा नाही, हे दुसरं. मग ते गेले, पानं पुण्याच्या एका संग्रहात गेली, बंगला विकला गेला. तो कागद माझ्या ट्रंकेत आहे. जांभळी शाई फिकी झालीय, लाल तशीच आहे.

आता आम्ही साताऱ्याला मुलाकडे राहतो. तिसरा मजला, उत्तरेची भिंत पावसाळ्यात ओली होते. गेल्या जुलैत सुहासनं ओल ओढून घेणारं यंत्र आणलं. विजेवर चालतं, कोळसा नाही, धोका नाही, हे त्यानं मला दोनदा समजावून सांगितलं. समोर हिरव्या आकड्यांत ओल दिसते. त्यानं बटण दाबून पंचावन्नवर ठेवलं, घरभर फिरून सगळ्या खिडक्या लावल्या आणि खाली चक्कर मारायला गेला.

मी खुर्चीवर बसून होतो. आकडा उतरत होता. बासष्ट, साठ, अठ्ठावन्न. माझे तळहात ओले झाले.

सगुणा स्वयंपाकघरातून आली. तिनं यंत्राकडे पाहिलं, मग एकेक करून सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. पाऊस आत आला, पडदे भिजले, फरशीवर थारोळं झालं. तेवढ्यात सुहास परत आला.

"आई, काय हे! खिडक्या उघड्या असल्यावर ते चालून उपयोग काय?"

"असू दे," सगुणा म्हणाली. "माणसं हायेत घरात."

एवढं बोलून, माझ्याकडे न बघता, ती भाजी निवडायला बसली.